१ आणि १.० मधला पाऊस

२६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्यात राहत होतो आणि मी आठवीत होते. दुपारी पाणी चाळीच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा आई तांदळाचा डबा माळ्यावर चढवत होती आणि बाबा नरिमन पॉइंटच्या ऑफिसातून फोनवर सांगत होते, "इकडे काही विशेष नाही गं, नेहमीसारखाच पडतोय." बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचले. पुढे कॉलेजात आकडे वाचले तेव्हा कळलं की आई आणि बाबा दोघंही खरं बोलत होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात, त्याच २४ तासांत, कुलाब्याला जेमतेम ७३.

एकाच शहरातला हा फरक माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. आता मी कराडला पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात घाटातल्या पावसावर पीएचडी करते. या मेच्या सुट्टीत ठरवलं होतं की तो दिवस घरच्या मशीनवर डब्ल्यूआरएफमध्ये उभा करायचा. डब्ल्यूआरएफ म्हणजे वेदर रिसर्च अँड फोरकास्टिंग मॉडेल. अमेरिकेत बोल्डरच्या एनसीएआरमध्ये वाढलेलं, फुकट मिळणारं, बहुतांशी फोरट्रानमध्ये लिहिलेलं. ते स्वतःच्या मशीनवर सोर्सपासून बांधावं लागतं. या बांधण्यात माझे नऊ दिवस गेले, आणि त्या नऊ दिवसांत एक एरर असा भेटला की त्यामुळे हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

मशीन साधंच. ६ कोअर, ८ जीबी रॅम, उबुंटू २२.०४ आणि त्याच्याबरोबर येणारा जीसीसी ११, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा कंपायलर. मॉडेलची आवृत्ती मात्र जुनी, तिसऱ्या मालिकेतली. "चौथी मालिका घ्या ना," असं मला तिघांनी सांगितलं. पण माझ्या गाइड सरांकडे घाटासाठी केलेले बदल या जुन्या कोडमध्येच आहेत. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेले, नंतर कुणी हात न लावलेले. सरांनी पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर दिलं. म्हणजे कोड एका जमान्यातला आणि कंपायलर दुसऱ्या. बहुतेक सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे. कंपायलर दर वर्षी थोडा कडक होतो. कोड मात्र लिहिला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो.

पहिल्या दिवशी कंपाइल स्क्रिप्ट चालूच होईना, कारण ती सी-शेलमध्ये आहे, म्हणजे सीएसएच नावाच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली, आणि उबुंटूमध्ये सीएसएच मुळात नसतो. तो टाकला, दोन मिनिटांचं काम. मग कॉन्फिगर, त्यात ३४ नंबरचा पर्याय, म्हणजे जीएनयू कंपायलर (तोच जीसीसी) आणि काम अनेक कोअरमध्ये वाटणारं एमपीआय, आणि मग एम-रिअल कंपाइल. चाळीसेक मिनिटं पंखा गरगरला आणि शेवटी तो प्रसिद्ध संदेश आला: 'प्रॉब्लेम्स बिल्डिंग एक्झिक्युटेबल्स, लुक फॉर एरर्स इन द बिल्ड लॉग.'

लॉग उघडला तर हजारो ओळी. मी शेवटापासून वर वाचायला लागले, आणि तिथेच माझा दीड दिवस गेला. कारण डब्ल्यूआरएफ मेकला, म्हणजे कंपाइलची कामं ओळीने करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, 'आय' पर्याय देऊन बोलावतं, म्हणजे चूक झाली तरी थांबू नको, पुढे जा. त्यामुळे एक मॉड्यूल, म्हणजे कोडचा एक गठ्ठा, कंपाइल झालं नाही की त्याच्यावर अवलंबून असलेली चाळीस मॉड्यूल्स त्याच्यामागे पडतात, मग सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला ते कंपाइल झालेले तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली, सापडतच नाहीत, आणि शेवटच्या पाचशे ओळी नुसता आक्रोश. त्यातला एकही माणूस गुन्हेगार नसतो. गुन्हेगार असतो तो वर, कुठेतरी ४००० व्या ओळीला, एकटा.

म्हणून आता मी लॉग वरून खाली वाचते, आणि वाचताना आधी विचारते, ही ओळ कोण बोलतंय? बांधकामावर जसा मुकादम, गवंडी, सेंट्रिंगवाला, पाणी मारणारा असतो तसं इथेही चार-पाच जण बोलत असतात आणि त्यांची भाषा वेगवेगळी आहे. 'मेक'ने सुरू होणारी आणि 'एरर १ इग्नोर्ड'ने संपणारी ओळ मुकादमाची. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की कुणीतरी काम टाकून गेलं. का गेलं, ते त्याला विचारू नये. फाइलचं नाव, मग ओळीचा क्रमांक, मग कॉलम, आणि खाली तुमच्या कोडची ओळ जशीच्या तशी छापून तिच्याखाली १ चा आकडा, हे बोलणं गवंड्याचं, म्हणजे कंपायलरचं. हे सोन्यासारखं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'कॅनॉट फाइंड एल-अमुक' म्हणणारा एलडी, लिंकर. आणि 'नॉट फाउंड' एवढंच बोलून गप्प होणारा शेल. कोण बोलतंय हे कळलं की कुठे शोधायचं ते कळतं. कंपायलर बोलला तर कोडमध्ये किंवा इन्क्लूडच्या पाथमध्ये. लिंकर बोलला तर लायब्रऱ्यांच्या यादीत. शेल बोलला तर प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या पाथ व्हेरिएबलमध्ये.

दुसरं म्हणजे, एरर शोधताना समांतर कंपाइल बंद करायचं. डब्ल्यूआरएफला जे व्हेरिएबल वाचून किती कामं एकावेळी करायची ते कळतं, तिथे १ लिहायचं. नाहीतर दोन फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळतात आणि एका फाइलीच्या एररखाली दुसरीचंच नाव दिसतं. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

असं वाचल्यावर पहिला खरा एरर सापडला तो नेटसीडीएफचा, म्हणजे मॉडेल ज्या लायब्ररीतून आकड्यांच्या फाइली वाचतं-लिहितं तिचा. संदेश असा, की नेटसीडीएफ डॉट मॉड ही फाइल वाचता येत नाही, कारण ती जीएनयू फोरट्रानच्या वेगळ्या आवृत्तीने बनवली आहे. मी ती लायब्ररी आदल्याच दिवशी, याच मशीनवर, स्वतःच्या हाताने बांधली होती. वेगळी आवृत्ती आली कुठून?

फोरट्रानच्या मॉड्यूल फाइलीची गोष्ट नव्या मुलांना सांगावीच लागते. सी भाषेत हेडर ही साधी मजकुराची फाइल असते, कुठलाही कंपायलर ती वाचतो. फोरट्रानची मॉड फाइल मात्र कंपायलरने स्वतःसाठी केलेलं टिपण असतं. तिचं रूप कुठल्याही प्रमाणात ठरलेलं नाही. इंटेलच्या कंपायलरचं टिपण जीफोरट्रानला, म्हणजे जीसीसीमधल्या फोरट्रान कंपायलरला, वाचता येत नाही, आणि जीफोरट्रानचंही जुनं टिपण नव्याला नेहमी वाचता येईल असं नाही. जीफोरट्रानची ही फाइल जीझिपने दाबलेली असते. झेडकॅटने उघडून पहिली ओळ बघितली की मॉड्यूल व्हर्जन दिसतं. माझ्या फाइलीत १४ होतं. जीसीसी ७ मध्ये १४ असतं आणि माझ्या ११ मध्ये १५. म्हणजे माझी लायब्ररी सातव्या किंवा त्याहून जुन्या जीसीसीने बांधली गेली होती.

माझ्या मशीनवर एवढा जुना जीसीसी नाही, असं मला वाटत होतं. 'विच जीफोरट्रान' असं विचारलं, उत्तर आलं ११ चं. मग आठवलं. नेटसीडीएफ बांधताना मी दुसऱ्या टर्मिनलमध्ये होते, तिथे मुलांच्या पायथन प्रॅक्टिकलसाठी केलेलं जुनं कोंडा एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रॅमांचा एक वेगळा संच, चालू होतं, आणि त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा जीफोरट्रान ७ होता. प्रॉम्प्टच्या आधी कंसात त्या एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसत होतं. मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून सोर्समधून काहीही बांधण्याआधी मी कोंडा डीॲक्टिव्हेट करते, आणि जीसीसी, जीफोरट्रान, एमपीआयएफ९०, एनसी-कॉन्फिग, एनएफ-कॉन्फिग या पाचांचे पाथ वहीत लिहून घेते. पाचही एकाच घरातले असले पाहिजेत.

एचडीएफ५, नेटसीडीएफ-सी आणि नेटसीडीएफ-फोरट्रान पुन्हा एकाच कंपायलरने, एकाच फोल्डरमध्ये बांधले. एकाच फोल्डरमध्ये असणं महत्त्वाचं. पूर्वी सी आणि फोरट्रानचा भाग एकाच पॅकेजमध्ये यायचा, नंतर वेगळा झाला, पण माझं जुनं डब्ल्यूआरएफ एकच नेटसीडीएफ पाथ विचारतं आणि दोन्ही तिथेच असतील असं धरून चालतं. 'कॅनॉट फाइंड एल-नेटसीडीएफएफ' हा एरर बघून लोक लायब्ररी पुन्हा पुन्हा टाकत बसतात. शेवटी दोन एफ आहेत, तो फोरट्रानचा भाग आहे, आणि तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये बसलेला असतो.

लिंकरबद्दल अजून एक. लायब्रऱ्यांचा क्रम. फोरट्रानचा भाग आधी, सीचा नंतर. लिंकर यादी डावीकडून उजवीकडे वाचतो, ज्याला कुणाची गरज आहे तो आधी आणि जो गरज भागवतो तो मागून यायला हवा. उलटं लिहिलं की दोन्ही लायब्रऱ्या जागेवर असून 'अनडिफाइन्ड रेफरन्स'चा पाऊस. नंतर सीची एक फाइल आरपीसीचं हेडर मागत होती, जे सीच्या मूळ लायब्ररीतून, जीलिबसीतून, नव्या आवृत्तीत काढून टाकलंय. ते आता टीआयआरपीसीच्या फोल्डरमध्ये असतं, तो पाथ दिला आणि पुढे गेले.

पाचव्या दिवशी वेळ वाचवावा म्हणून मी पुन्हा समांतर कंपाइल चालू केलं, एकावेळी ८. मधेच 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम एफ९५१'. आपण ज्याला हाक मारतो तो जीफोरट्रान, पण प्रत्यक्ष काम करणारा एफ९५१, आणि त्याला कुणीतरी मारलं होतं. कोडमध्ये चूक शोधण्यात अर्थ नव्हता. डीमेसेज बघितला तर कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, स्वच्छ लिहिलं होतं, मेमरी संपली, म्हणून ही प्रोसेस मारली. डब्ल्यूआरएफमधल्या काही फाइली राक्षसी आहेत, आणि अशा आठ फाइली एकदम ८ जीबीत मावत नाहीत. २ वर आणलं. बाकी काही बदललं नाही आणि काम झालं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे माहिती तयार करून देणारा भाग, त्याच्यासाठी जॅस्पर नावाची लायब्ररी लागते, आणि तिच्या नव्या आवृत्तीत 'इनमेम' नावाचा एक सदस्यच नाहीसा झालाय, त्यामुळे एन्कोडिंगची फाइल अडते. ती ओळ काढली की चालतं, हे कळायला संध्याकाळ गेली. आणि मग लक्षात आलं की मला जॅस्परची गरजच नव्हती. जॅस्पर ग्रिब२ या प्रकारच्या हवामानाच्या फाइलींसाठी लागते. मी वापरणार ती अमेरिकेच्या एनसीईपी या हवामान केंद्राची एफएनएल माहिती २००७ च्या डिसेंबरपर्यंत ग्रिब१ मध्ये आहे. माझा दिवस २००५ चा. कॉन्फिगरमध्ये ग्रिब२ शिवायचा पर्याय पहिल्यापासून समोर होता.

आता तो एरर.

मॉडेल कंपाइल करताना चौथ्या दिवसापासून एकाच प्रकारचे एरर ढिगाने येत होते. 'टाइप मिसमॅच बिट्वीन ॲक्च्युअल आर्ग्युमेंट ॲट १ अँड ॲक्च्युअल आर्ग्युमेंट ॲट २.' हा जीसीसी १० पासून आलेला कडकपणा आहे, २०२० पासूनचा. जुन्या फोरट्रानमध्ये सबरुटीन, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा, मॉड्यूलच्या बाहेर लिहिलं की कंपायलरला त्याचे आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला दिल्या जाणाऱ्या किमती, कुठल्या प्रकारचे आहेत हे माहीत नसतं. तुम्ही जे द्याल ते तो मुकाट्याने पाठवतो. दहाव्या आवृत्तीपासून तो एवढं करतो, की एकाच फाइलीत तेच सबरुटीन एकदा पूर्णांक देऊन आणि एकदा दशांश संख्या देऊन बोलावलं असेल तर दोन्ही ओळी समोर ठेवतो आणि थांबतो. यातली एक ओळ चुकीची असणार, तुम्ही ठरवा.

एमपीआयच्या बाबतीत दोन्ही ओळी बरोबर असतात. एमपीआय-बीकास्टला पूर्णांकही पाठवतात आणि दशांशही. त्याच्यासाठी ती नुसती बाइट्सची पेटी असते आणि आत काय आहे ते वेगळ्या आर्ग्युमेंटमध्ये सांगितलेलं असतं. म्हणून सगळे एकच उपाय सांगतात, एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेली जादा सूचना, टाका. मीही टाकला. कॉन्फिगर.डब्ल्यूआरएफ फाइलीत, सगळ्या कोडसाठी. एरर होते तिथे वॉर्निंग झाल्या, आणि सातव्या रात्री साडेअकराला मेन फोल्डरमध्ये डब्ल्यूआरएफ.ईएक्सई, रिअल.ईएक्सई, एनडाउन.ईएक्सई आणि टीसी.ईएक्सई अशा चार फाइली उभ्या राहिल्या. मी नवऱ्याला उठवून दाखवल्या. तो भला माणूस, उठून बसला आणि बघितल्या.

पण जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये त्या फ्लॅगखाली एक वाक्य आहे, की हा पर्याय वापरू नये असा आमचा ठाम सल्ला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य मला पुन्हा दिसलं आणि मी लॉगमधून त्या सगळ्या वॉर्निंग काढून एका फाइलीत घेतल्या. एकेक वाचली. एमपीआय, एमपीआय, मॉडेलचं स्वतःचं ब्रॉडकास्ट करणारं सबरुटीन, पुन्हा एमपीआय. दुपारपर्यंत डोळे दुखायला लागले. आणि मग सरांच्या घाटाच्या बदलातली एक फाइल आली.

त्या फाइलीत एक सबरुटीन दोन ठिकाणी बोलावलं होतं. समुद्रावरच्या बिंदूंसाठी शेवटचा आर्ग्युमेंट १.० होता. जमिनीवरच्या बिंदूंसाठी शेवटचा आर्ग्युमेंट १ होता. टिंब आणि शून्य राहून गेलं होतं.

सबरुटीन दुसऱ्या फाइलीत, ७७ च्या फोरट्रानच्या ढंगात, मॉड्यूलच्या बाहेर लिहिलेलं. आत तो आर्ग्युमेंट रिअल, म्हणजे दशांश संख्या, म्हणून जाहीर केलेला आणि घाटाच्या उतारामुळे होणाऱ्या हवेच्या जादा उचलीच्या समीकरणातल्या पदाला गुणलेला. फोरट्रान किंमत पाठवत नाही, पत्ता पाठवतो. म्हणजे समोरच्याने त्या पत्त्यावर जाऊन तिथले ३२ बिट स्वतःच्या समजुतीने वाचायचे. पूर्णांक १ चे ३२ बिट म्हणजे एकतीस शून्यं आणि शेवटी एक. तेच बिट दशांश संख्या म्हणून वाचले तर येतात १.४ गुणिले १० चा उणे ४५ वा घात. शून्यच म्हणायचं. मी छोटा प्रोग्रॅम लिहून छापून बघितलं, कारण हाताने केलेल्या गणितावर माझा विश्वास बसेना.

म्हणजे घाटासाठी केलेला तो बदल समुद्रावर लागू होत होता, जिथे उतारच नाही. आणि जमिनीवर, सह्याद्रीवर, ज्याच्यासाठी तो लिहिला होता, तिथे शून्याने गुणला जात होता. जुन्या कंपायलरने कधी ब्र काढला नाही. मॉडेल कोसळलं नाही. पाऊस पडत राहिला, नकाशे छापले गेले, रंग छान दिसले.

मी सरांना फोन लावला. स्पष्ट सांगायचं तर हात कापत होते, कारण तो कोड त्यांच्या विश्वासातला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, तो फरक दिसतच नव्हता म्हणून आम्ही तो बदल कुचकामी ठरवून बाजूला ठेवला होता. फाइल तेवढी राहून गेली." थोडं थांबून म्हणाले, "तो मुलगा बिचारा वर्षभर त्या पदावर खपला होता. त्याला मीच सांगितलं की तुझी कल्पना चालत नाही." पुढे बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "ओळ क्रमांक किती म्हणालीस?"

टिंब आणि शून्य लिहायला एक सेकंद लागला. पण तेवढ्यावर सोडलं नाही. ते सबरुटीन मॉड्यूलच्या आत नेलं, म्हणजे आता कंपायलरला त्याचे आर्ग्युमेंट माहीत आहेत आणि पुन्हा कुणी १ लिहिलं तर तो तिथल्या तिथे थांबवेल. सरांच्या सगळ्या फाइलींसाठी मेकफाइलमध्ये वेगळा नियम केला, ज्यात तो फ्लॅग नाही. एमपीआयच्या फाइलींना तो राहू दिला, त्यांच्या बाबतीत तो खरोखरच लागतो. आणि क्लीन-ए करून सगळं पहिल्यापासून बांधलं, कारण जुन्या ऑब्जेक्ट फाइली कुठे चिकटून राहतील सांगता येत नाही. कॉन्फिगर पुन्हा चालवलं की हाताने केलेले बदल पुसले जातात, म्हणून आता कॉन्फिगर.डब्ल्यूआरएफची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवते.

माझ्या प्रॅक्टिकलच्या वर्गातल्या एका मुलीने परवा स्क्रीनचा फोटो पाठवला, "मॅडम, एरर येतोय, कुठला फ्लॅग टाकू?" फोटोत लॉगच्या शेवटच्या दहा ओळी होत्या. तिला म्हटलं, पहिली पाठव. अर्ध्या तासाने तिने पाठवली, आणि सोबत लिहिलं होतं, "मॅडम, हा तर माझ्याच फाइलीत आहे, सापडला."

२६ जुलैचे दोन रन लावले आहेत, एक १ चा, एक १.० चा. बाकी सगळं सारखं, तीच माहिती, तीच जाळी, तोच कंपायलर. पहिला काल रात्री संपला, मॉडेलची नोंद ठेवणाऱ्या आरएसएल फाइलीच्या तळाशी 'सक्सेस कम्प्लीट डब्ल्यूआरएफ' आलंय. दुसरा आत्ता चालू आहे, लिहिता लिहिता मधेच टेल कमांडने त्या फाइलीचा शेवट बघतेय, मॉडेलमध्ये आपल्या वेळेने २६ तारखेचे सकाळचे नऊ वाजलेत. मोठा पाऊस दुपारनंतरचा.

बाबांना सांगितलं होतं की तो दिवस मशीनवर लावलाय. त्यांचा दर दोन तासांनी फोन येतो. मघाशी पुन्हा आला. "कुलाब्याला किती दाखवतंय गं?"

"अजून काही नाही बाबा. नुकतीच सकाळ झालीय."

"बरं. मी जागा आहे."